वाचलेले पैसे गावच्या दवाखान्यात यावेत

जून २०२५ मध्ये पंतप्रधान व अर्थमंत्री डॉ. नवीन रामगुलाम यांनी जे अंदाजपत्रक मांडले, त्याने मॉरिशसच्या जवळजवळ प्रत्येक घरात एकच विषय चर्चेला आणला. साठाव्या वर्षी मिळणारी वृद्ध पेन्शन सप्टेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने पासष्टाव्या वर्षावर नेण्यात येईल, असे त्यात जाहीर झाले. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. वर्तमानपत्रांतून, रेडिओवरून, बसमधून आणि लग्नमांडवांतून लोक तावातावाने बोलले. पुढे काही गरजूंसाठी वेगळ्या मदतीचीही घोषणा झाली. या साऱ्या गदारोळात एक प्रश्न मात्र कोणी नीट विचारला नाही, आणि आमच्या मते तोच खरा प्रश्न आहे: या पाच वर्षांच्या पेन्शनमधून जो पैसा वाचणार, तो जाणार कुठे?

सरकारचे गणित चुकीचे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांच्या घरात गेले आहे, आणि दर पाच-सहा माणसांमागे एक माणूस आज साठीच्या पुढचा आहे. गंमत अशी की, १९६० च्या सुमारास प्रोफेसर रिचर्ड टिटमस आणि त्यांचे सहकारी या बेटाची पाहणी करायला आले, तेव्हा भीती अगदी उलट होती. त्या वेळी एकेका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुले होत होती, आणि एवढ्या तोंडांना हे इवलेसे बेट अन्न कसे पुरवणार, असा घोर सर्वांना लागला होता. १९६१ साली छापून आलेला त्यांचा अहवाल त्या चिंतेने भरलेला आहे. आज ती सरासरी दीडच्याही खाली उतरली आहे. पाळणे रिकामे आणि खाटा भरलेल्या, अशी आपली अवस्था आहे. तेव्हा खर्चाची फेरमांडणी करावी लागेल, हे शहाण्या माणसाने मान्य करावे.

पण फेरमांडणी म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवणे. काढून घेऊन तो पैसा कर्जाच्या डोहात टाकणे याला फेरमांडणी म्हणता येत नाही. म्हातारपण जर पाच वर्षांनी उशिरा मोजायचे असेल, तर त्या पाच वर्षांत आणि त्यानंतर माणसाच्या दाराशी आरोग्याची आणि देखभालीची सोय वाढली पाहिजे. एवढेच आमचे म्हणणे आहे, आणि ते आम्ही थोडे विस्ताराने मांडणार आहोत.

साठ ते पासष्ट या वयाची माणसे आपल्या समाजात कोण आहेत, ते आधी पाहू. यात निवांत बसलेले थोडे. कित्येक बाया अशा आहेत की ज्यांनी तरुणपणी ऊस तोडला, आणि २००१ नंतर साखर कारखानदारांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत कोयता खाली ठेवला. कित्येकींनी कपड्यांच्या कारखान्यात उभ्याने दिवस काढले, आणि २००५ च्या सुमारास कापडाच्या निर्यातीचे जुने करार संपल्यावर एका शुक्रवारी कारखान्याचे दार बंद झालेले पाहिले. आज याच बाया घरातले लहान नातवंड सांभाळतात, कारण सून कामाला जाते. आणि त्याच घरात पंच्याऐंशीच्या सासूबाईंना उठवतात, बसवतात, न्हाऊ घालतात. मुलगा कॅनडात, फ्रान्समध्ये किंवा क्रूझच्या जहाजावर. या देशाची सर्वांत मोठी परिचारिकांची फौज कोणत्याही मंत्रालयाच्या पगारपत्रकात नाही. तिचे वय साठ ते पासष्ट आहे, आणि तिला महिन्याला जी काही रक्कम मिळत होती ती हीच पेन्शन होती.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेण्यासाठी सरकार भत्ता देते, हे खरे. नव्वदी ओलांडलेल्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्या काही वृद्धांना घरी डॉक्टर पाठवण्याची योजना आहे, तीही चांगली आहे. म्हातारी माणसे २००५ पासून बसने फुकट फिरतात, याचा आम्हाला अभिमान वाटतो. परदेशातल्या पाहुण्यांना आपण ते आवर्जून सांगतो. पण जी आजी पलंगावरून उतरूच शकत नाही, तिला फुकट बसचा काय उपयोग?

आता दवाखान्याकडे वळू. आपल्या बेटावर सार्वजनिक आरोग्यावर पैसा खर्च करण्याचा इतिहास मोठा आहे, आणि तो आपल्या पूर्वजांच्या हाडांवर लिहिला गेला आहे. मुंबई बंदरातून जहाजात चढलेले, म्हणून या देशात ज्यांना 'बॉम्बे' म्हणत, ते आपले रत्नागिरीकडचे लोक उसाच्या मळ्यावर उतरले, तेव्हा आजारी मजुराची सोय करणे कायद्याने मळेवाल्यावर सोपवले होते. ती सोय कशी होती हे १८७५ च्या रॉयल कमिशनच्या अहवालात वाचावे. आदोल्फ द प्लेव्हित्झ यांनी १८७१ मध्ये मजुरांच्या सह्या घेऊन तक्रारअर्ज पाठवला, तेव्हा कुठे ते कमिशन आले. मळ्यावरील कित्येक इस्पितळे नावापुरती होती, असे त्यातून दिसून आले. ज्याला मजूर आजारी पडल्याने तोटा होतो, त्याच्याच हाती मजुराचे औषध दिले की काय होते, याचा तो धडा होता.

त्यानंतरचा दुसरा धडा मलेरियाचा. १८६७ च्या साथीत या छोट्या बेटावर चाळीस हजारांच्या आसपास माणसे मेली. किनारा सोडून लोक वाक्वा-क्युरपीपच्या थंड माळावर चढले, ते त्यामुळेच. पुढे ऐंशी वर्षे हा ताप घराघरात राहिला. तो गेला कसा? मोठे इस्पितळ बांधून नव्हे. १९४९ पासून सरकारी माणसे पाठीवर पंप घेऊन घरोघर फिरली, भिंतींवर औषध फवारले, रक्ताचे थेंब काचेवर घेतले. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस मलेरियामुक्त झाल्याचे जाहीर केले. १९७५ च्या जेर्वेज चक्रीवादळानंतर ताप परत आला, तेव्हा पुन्हा तीच माणसे, तीच घरे. आजही तुम्ही मुंबईहून, पंढरपूरची यात्रा करून परत आलात, की आरोग्य खात्याचा कर्मचारी रक्त तपासायला तुमच्या मागावर असतो. आपल्यापैकी काहींना त्याचा त्रास वाटतो. आम्हाला तर वाटते की या देशात सरकारचा रुपया जिथे सर्वांत जास्त कामी येतो, ती हीच जागा: माणूस दवाखान्यात येण्याची वाट न पाहता दवाखाना माणसाकडे जातो.

मलेरियाची जागा आता मधुमेहाने घेतली आहे. १९८७ पासून आपल्या देशात याची वेळोवेळी पाहणी होत आहे, आणि अलीकडच्या पाहणीतही दर पाच प्रौढांमागे जवळजवळ एकाला मधुमेह आहे. (गणेशोत्सवात मंडळीच्या मांडवात मोदकांचे ताट फिरते, तेव्हा हे गणित कोणी करत नाही. साखरेने आपल्याला इथे आणले, आता साखरच घेऊन जाणार, असे एक जुने गृहस्थ म्हणत. विनोद कडू आहे.)

या रोगाचे वैशिष्ट्य असे की तो गावात सुरू होतो आणि इस्पितळात संपतो, आणि मधल्या दहा-पंधरा वर्षांत त्याच्यावर जो खर्च होत नाही, तो शेवटी दसपटीने करावा लागतो. पायाच्या बोटाला फोड येतो. गावच्या आरोग्य केंद्रात, ज्याला आपण अजून 'दिस्पांसेर' म्हणतो, तिथे गर्दी. डॉक्टर ठरावीक वेळ येतात. कामावरून सुटेपर्यंत केंद्राला कुलूप लागते. माणूस म्हणतो, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या महिन्यात तो कांडोसच्या व्हिक्टोरिया इस्पितळात असतो. आपल्या इस्पितळांत दरवर्षी शेकडो लोकांचे पाय, बोटे कापावी लागतात. मूत्रपिंडे निकामी होऊन आठवड्यातून तीनदा डायालिसिसच्या यंत्राला जोडून घेणारे हजाराहून अधिक लोक आहेत, आणि तो खर्च सरकार सोसते. हे सरकारच्या श्रेयाचे आहे, यात शंका नाही. २०२१ मध्ये कोविडच्या काळात डायालिसिसचे रुग्ण दगावले आणि चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा ही माणसे किती नाजूक धाग्यावर लटकलेली असतात हे साऱ्या देशाने पाहिले. पण त्यांतले किती जण त्या यंत्रापर्यंत पोचायलाच नको होते?

शिक्षकाला हे हजेरीपटावर दिसते. माध्यमिक शाळेतली मुलगी दर आठवड्याला ठरावीक वारी गैरहजर राहू लागली, की विचारल्यावर कळते: आजीला यंत्रावर न्यायचे असते, आईला रजा मिळत नाही. शाळेच्या उपाहारगृहातून गोड पेये आणि तळलेले पदार्थ हद्दपार करणारे नियम २००९ मध्ये झाले, ते योग्यच झाले. मात्र त्याच मुलीच्या आजीच्या पायाकडे पाहायला आठवड्यातून एकदा परिचारिका घरी आली असती, तर मुलगी वर्गात असती.

अंदाजपत्रक काढून पाहावे. आरोग्य मंत्रालयाच्या खर्चात इस्पितळांचे एक सदर असते, प्राथमिक आरोग्याचे वेगळे असते. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले की तराजू कुठे झुकला आहे ते सांगावे लागत नाही. इस्पितळांना पैसा लागतो, हे कोणी नाकारत नाही. पण नव्या इमारतीची कोनशिला बसते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते, आणि फोडावर पट्टी बांधणाऱ्या परिचारिकेचे छायाचित्र कोण छापणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे आपले लोक म्हणत आले आहेत. देशात शंभराहून अधिक सामुदायिक आरोग्य केंद्रे आहेत. जाळे विणलेले आहे. त्या जाळ्यात माणसे, वेळ आणि औषधे घालायची आहेत.

आणखी एक अडचण आहे, जी मंत्र्यांना क्वचितच दिसते, कारण ती दोन मंत्रालयांच्या मधल्या फटीत बसलेली आहे. आरोग्य केंद्र आरोग्य मंत्रालयाचे. देखभालीचा भत्ता, घरी येणारा डॉक्टर, वृद्धाश्रमांना माणशी मिळणारे अनुदान, हे सामाजिक सुरक्षा मंत्रालयाचे. इस्पितळातून घरी सोडलेला म्हातारा माणूस एका मंत्रालयाच्या कागदावरून उतरतो, आणि दुसऱ्या मंत्रालयाच्या कागदावर चढेपर्यंत महिने जातात. अर्ज, वैद्यकीय मंडळ, तपासणी, पुन्हा अर्ज. त्या महिन्यांत त्याला उचलून बसवणारी तीच साठीची बाई. तिच्या पाठीला काय झाले हे विचारणारा अर्ज कोणत्याच खिडकीवर मिळत नाही.

मग गावची पंचायत, म्हणजे आपली व्हिलेज कौन्सिल, काही करू शकते का? तिच्याकडे कचरा आहे, दिवाबत्ती आहे, रस्त्याचा तुकडा आहे, स्मशानभूमी आहे, खेळाचे मैदान आहे. पैसा बहुतेक वरून अनुदानाने येतो. म्हणजे मेलेल्या माणसाची सोय करण्याचा अधिकार गावाकडे आहे, पण जिवंत म्हाताऱ्याकडे एक तास परिचारिका पाठवण्याचा अधिकार नाही! हे चालत आले आहे म्हणून चालत राहिले पाहिजे असे नाही. १९४८ मध्ये साखर कामगारांच्या कल्याणासाठी निधी उभारण्यात आला, तेव्हा साखरेच्या टनामागे थोडी रक्कम बाजूला काढून खेड्याखेड्यात समाजकेंद्रे बांधली गेली. त्या केंद्रांत आपल्या आया शिवण शिकल्या, बाळांचे वजन करून घेतले. पैसा गावातल्या कामातून आला आणि गावात दिसला. साखर आता पूर्वीची राहिली नाही. पण त्या वास्तूंपैकी बऱ्याच अजून उभ्या आहेत, आणि दुपारच्या वेळी त्यांत पंख्याखाली कॅरमची एक फळी सोडून दुसरे काही हलत नाही. तिथे दिवसा चार तास म्हाताऱ्यांना बसवण्याची सोय झाली, एक परिचारिका आणि एक मदतनीस ठेवली, तर घरातल्या त्या बाईला बाजारात जायला, निदान झोपायला तरी वेळ मिळेल.

यावर एक उत्तर तयार असते: सरसकट सर्वांना फुकट कशाला द्यायचे, गरिबांपुरतेच ठेवा, मग पैसा पुरेल. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. या देशाने तो प्रयोग केलेला आहे. पेन्शन १९५० मध्ये उत्पन्न पाहून सुरू झाली आणि १९५८ मध्ये सर्वांना खुली झाली. २००४ मध्ये पुन्हा श्रीमंतांना वगळण्याचा बेत झाला, आणि २००५ च्या निवडणुकीनंतर तो मागे घ्यावा लागला. टिटमस साहेबांचा तर आयुष्यभराचा मुद्दाच हा होता की जी सेवा फक्त गरिबांसाठी उरते, तिचा दर्जाही गरीब होत जातो. आपल्या दवाखान्यांचे नेमके हेच होऊ घातले आहे, आणि तेही कोणी कायदा न करता. आपल्यातले पगारदार, शिक्षक, कारकून, बँकेतले लोक रांगेला कंटाळून खाजगी डॉक्टरकडे आणि क्लिनिककडे वळले. उपचार मोफत असलेल्या या देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा फार मोठा भाग आज कुटुंबांच्या खिशातून जातो, याचे एक कारण हेच. ज्याला अर्ज लिहिता येतो, ज्याची ओळख आहे, ज्याचा आवाज मंत्र्याच्या कचेरीत पोचतो, तोच रांगेतून बाहेर पडला. रांगेत उरले ते गप्प बसणारे. आणि बाहेर पडलेल्यालाही शेवटी डायालिसिस परवडत नाही, तेव्हा तो परत त्याच दारात येतो.

आपल्या मंडळ्यांबद्दलही दोन शब्द. मराठी मंडळ्या आजाऱ्याला भेटायला जातात, कोणाच्या ऑपरेशनसाठी वर्गणी करतात, रक्तदान शिबिर भरवतात. हे सारे उत्तम आहे आणि वाढावे. पण अलीकडे सरकारी भाषणांतून 'समाजाने पुढे यावे' हे वाक्य फार ऐकू येते. समाज पुढे आलेलाच आहे. तो मागे राहिलाच कधी? वर्गणीने एक व्हीलचेअर येते. वर्गणीने परिचारिकेचा बारा महिन्यांचा पगार होत नाही, आणि होऊही नये, कारण त्यासाठी आपण कर भरतो. दुकानातल्या प्रत्येक पिशवीवर आपण व्हॅट देतो. त्यात साठ वर्षांची बाईही देते, पेन्शन मिळो वा न मिळो.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. पेन्शनचे वय वाढवल्याने दरवर्षी किती रुपये वाचले, हा आकडा सरकारने अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. त्यातला ठरावीक हिस्सा प्राथमिक आरोग्य आणि घरच्या देखभालीच्या नावे बांधून ठेवावा, म्हणजे तो दुसरीकडे वळणार नाही. प्रत्येक आरोग्य केंद्र आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी उघडे राहावे. प्रत्येक केंद्राला घरोघर जाणारी परिचारिका असावी, आणि तिच्या वहीत त्या भागातील अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक माणसाचे नाव असावे. मग ते नाव कोणत्या मंत्रालयाचे, हा वाद तिने घालू नये, मंत्रालयांनी आपसात मिटवावा. केंद्रावर वर्षाकाठी किती खर्च झाला, हे त्याच केंद्राच्या दारावर कागद लावून सांगावे. शाळेच्या भिंतीवर आपण निकाल लावतोच ना?

अर्थमंत्रालय दरवर्षी अंदाजपत्रकापूर्वी जनतेकडून सूचना मागवते. व्यापारी संघ, हॉटेलवाले, कारखानदार जाडजूड निवेदने देतात. आपल्या समाजाकडून असे निवेदन गेल्याचे फारसे ऐकिवात नाही. कास्कावेल, हेन्रिएटा, वाक्वा, पाल्मा, जिथे जिथे मंडळी आहे, तिथल्या चिटणीसांनी एक रविवार काढावा आणि एक पान लिहावे: आपल्या गावात घराबाहेर पडू न शकणारे किती जण आहेत, त्यांची काळजी कोण घेते आणि त्या व्यक्तीचे वय काय, जवळचे केंद्र किती वाजता बंद होते, डॉक्टर कोणत्या वारी येतात, भत्त्याचा अर्ज कधी दिला आणि उत्तर कधी आले. सरकारला ते फ्रेंचमध्ये किंवा इंग्रजीत पाठवावे. त्याची मराठी प्रत या पानाकडे पाठवली, तर आजाऱ्यांची नावे वगळून आम्ही ती गावाच्या नावानिशी येथे छापू.